बाबांनी विकलेली पॉलिसी

काकांनी इंग्लंडमधलं घर भाड्याने दिलेलं आहे, हे मला माहीत होतं. त्या घराचं कर्ज अजून चालू आहे, हे मात्र आमच्या सिंगापूरमधल्या, चोआ चू कांगच्या फ्लॅटमध्ये एका रविवारी जेवणं झाल्यावर कळलं. काकांनी पिशवीतून कागदांचा एक जाडजूड गठ्ठा काढला आणि टेबलावर माझ्यासमोर ठेवला.

"तू सीए आहेस. जरा बघ हे," ते म्हणाले. "मला वाटत होतं या वर्षी सगळं फिटेल. आता बँक म्हणते, अकरा हजार पौंड अजून द्या."

काका म्हणजे माझ्या सासऱ्यांचे मित्र. दोघे तरुणपणी इंग्लंडमध्ये एकाच कारखान्यात होते; काका ड्रॉइंग ऑफिसात, सासरे स्टोअर्समध्ये. घरंही दोन गल्ल्यांच्या अंतरावर. नव्वदच्या दशकात काकांना सिंगापूरच्या एका शिपयार्डमध्ये नोकरी मिळाली, ते इथे आले आणि इथलेच झाले. पुढे त्यांनीच माझ्या नवऱ्याला इथल्या एका नोकरीबद्दल कळवलं, म्हणून आम्ही इथे आलो. सासूबाई गेल्यावर माझे सासरेही आमच्याकडे आले. त्यांना मी बाबा म्हणते. काका आणि काकू शहराच्या दुसऱ्या टोकाला, पुंगोलला राहत. दर मंगळवारी सकाळी काका आणि बाबा लिटल इंडियातल्या टेक्का मार्केटला भेटत, भाजी घेत, तिथल्याच हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाड्यांपाशी, चहा पीत आणि आपापल्या ट्रेनने घरी परतत. या भेटीच्या आड ते काही येऊ देत नसत. डॉक्टरची अपॉइंटमेंटसुद्धा मंगळवारी घेत नसत.

गठ्ठ्यात बँकेची पत्रं होती आणि एका विमा कंपनीची. विमा कंपनीची सगळी काकांच्या जुन्या पत्त्यावर गेलेली होती. काकांनी देश बदलल्याचं बँकेला कळवलं होतं, विमा कंपनीला कळवायचं राहून गेलं होतं. भाडेकरू बदलत गेले, पत्रं एका खणात साठत गेली, आणि मुदत संपताना घर सांभाळणाऱ्या एजंटने सगळी एकत्र बांधून पाठवून दिली.

मी वाचत होते तेव्हा काकू म्हणाल्या, "भावजी, ही पॉलिसी तुम्हीच दिली होती ना आम्हाला?"

बाबा बडीशेप चघळत होते. ते म्हणाले, "हो. मीच."

हे मला नवीन होतं. बाबा संध्याकाळी काही वर्षं विम्याचं काम करत, एवढं नवऱ्याकडून कधीतरी ऐकलं होतं. कारखान्यातून आल्यावर टाय बांधून ओळखीच्या लोकांच्या घरी जायचं, कागद भरून घ्यायचे. त्या काळात तिथे पुष्कळ जण असं करत. ओळखीचे लोक म्हणजे बहुतेक आपलीच मंडळी.

ती पॉलिसी कशी होती ते मी त्या दुपारी सगळ्यांना समजावून सांगितलं. खरं तर स्वतःलाच समजावत होते. घराचं कर्ज साधारणपणे असं असतं, की दर महिन्याच्या हप्त्यात थोडं व्याज जातं आणि थोडं मुद्दल, आणि मुदतीअखेर कर्ज संपतं. काकांचं तसं नव्हतं. ते बँकेला नुसतं व्याज देत होते. मुद्दल चाळीस हजार पौंड, ते जसंच्या तसं. त्याच्या जोडीला दर महिन्याला विमा कंपनीला हप्ता. कंपनी तो पैसा शेअर बाजारात गुंतवणार, पंचवीस वर्षांनी एक मोठी रक्कम देणार, आणि त्यातून मुद्दल एकदम फिटणार. बाजार चांगला चालला तर वर काही उरणारही होतं. बाजार तितका चालला नाही. हातात आले एकोणतीस हजार.

"म्हणजे कुणी फसवलं नाही. बाजार पडला," काका म्हणाले.

"तसंच काही नाही," मी म्हणाले. "तिथे या पॉलिसींबद्दल खूप तक्रारी झाल्यात. विकताना धोका सांगितला नसेल, कर्ज फिटणारच असं भासवलं असेल, तर कंपनीला भरपाई द्यावी लागते. तुम्ही तक्रार करू शकता."

मी हे म्हणाले तेव्हा बाबा माझ्या डाव्या हाताला बसले होते. मी कागदांकडे बघत होते. त्यांच्याकडे बघायचं मला सुचलं नाही. ऑफिसात बसल्यासारखीच बोलत होते मी.

काकूंना मात्र लगेच कळलं. "म्हणजे भावजींनी आम्हाला सांगितलं नाही, असं लिहायचं?"

"कंपनीविरुद्ध तक्रार असते काकू. माणसाविरुद्ध नाही."

"पण माणूस तर तोच."

काका म्हणाले, "राहू दे. मी एफडी मोडून भरतो."

बाबा म्हणाले, "मी सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतंस?"

"की कंपनी जसा बोनस देईल तशी रक्कम येईल. कमीजास्त होऊ शकते."

काका हसले. भांडणाच्या सुरात नव्हते ते. "नाही रे. तू म्हणालास, कर्ज फिटेल आणि वर एक गाडी येईल. मला चांगलं आठवतं. हिने विचारलं होतं, कुठली गाडी."

"गाडीचं मी म्हणालो," बाबा म्हणाले. "पण हेही सांगितलं होतं."

काकूंनी चहाचे कप गोळा केले आणि सिंकमध्ये नेऊन विसळले. जाताना काकांनी गठ्ठा पिशवीत भरला नाही, टेबलावरच ठेवून गेले. विसरले की मुद्दाम ठेवला, हे मी कधी विचारलं नाही.

त्या मंगळवारी बाबा टेक्काला गेले नाहीत. पाय दुखतोय म्हणाले. पुढच्या मंगळवारी काकांचा फोन आला, त्यांनाच यायला जमत नव्हतं. त्यानंतर कुणी कारणं दिली नाहीत. भाजी मी खालच्या दुकानातून आणू लागले.

काकूंनी मात्र मला ऑफिसात फोन केला. "तू हिशेब करून ठेव," त्या म्हणाल्या. "तक्रार करायची की नाही ते नंतर बघू. किती आहे ते तरी कळू दे. यांची एफडी म्हणजे आमच्या आजारपणाचा पैसा आहे."

मी हिशेबाला बसले. मी एका जहाज कंपनीच्या अकाउंट्समध्ये होते, असलं काम कधी केलं नव्हतं; पण भरपाईच्या हिशेबाचे नियम स्पष्ट होते आणि मला ते आवडले, हे कबूल करायला हरकत नाही. कल्पना अशी: काकांनी पहिल्या दिवसापासून साधं, मुद्दल फेडत जाणारं कर्ज घेतलं असतं तर आज ते कुठे असते? आणि प्रत्यक्षात कुठे आहेत? या दोहोंतला फरक म्हणजे नुकसान. त्यासाठी पंचवीस वर्षांतले व्याजाचे दर लागत होते. बँकेला लिहून ते मागवले. मग एका बाजूला काकांनी प्रत्यक्षात भरलेलं व्याज आणि विम्याचा हप्ता, दुसऱ्या बाजूला न घेतलेल्या कर्जाचा हप्ता, असं महिन्यामागून महिना मांडत गेले.

न घेतलेल्या कर्जाच्या बाजूलाही थोडा विमा धरावा लागतो. कारण या पॉलिसीत काकांच्या जिवाचा विमाही होता. ते मध्येच गेले असते तर कर्ज फिटलं असतं. साधं कर्ज घेतलं असतं तर तो विमा वेगळा विकत घ्यावा लागला असता. मी हे काकांना फोनवर सांगितलं.

"म्हणजे मी मेलो नाही, त्याचेही पैसे कापणार?" ते म्हणाले.

"साधारण तसंच."

"बरोबर आहे," ते म्हणाले. इंजिनिअर होते, पद्धत पटली की आपण कुठल्या बाजूचे हे ते विसरत.

बाबांचं काय चाललं होतं हे मला नीटसं माहीत नव्हतं. ते सकाळी फिरायला जात, वर्तमानपत्र वाचत, माझ्या मुलीला शाळेच्या बसपर्यंत सोडत. माझ्या लॅपटॉपकडे बघत नसत. मी डायनिंग टेबलावर कागद मांडले की ते आपल्या खोलीत जात. एकदा नवरा म्हणाला, "हे इथे, त्यांच्यासमोरच करायला हवं का?" मी म्हणाले, "मग कुठे करू?" फ्लॅटमध्ये दुसरं टेबल नव्हतं. तो विषय तिथेच संपला.

एका शनिवारी बाबा फिरून फार उशिरा आले. जेवायची वेळ टळून गेली होती. मी विचारलं, तर म्हणाले, एमआरटी स्टेशनपाशी थांबलो होतो. आमच्या स्टेशनच्या बाहेर विम्याचे एजंट टेबल मांडून उभे असतात. छत्री नाहीतर गळ्याची उशी भेट देतात आणि लोकांना थांबवतात. तिथे एक मुलगी एका जोडप्याशी बोलत होती. त्यांच्याजवळ बाबागाडीत मूल होतं. बाबा जवळच्या बाकावर बसून ते ऐकत होते.

"छान बोलते," बाबा म्हणाले. "मुलाचं वय विचारलं. मग तो कॉलेजला जाईल तेव्हा तुम्ही किती वर्षांचे असाल, ते विचारलं. मग गप्प बसली. त्यांना बोलू दिलं."

मी त्यांचं ताट वाढत होते. आमटी गरम करायला ठेवली होती.

"आम्हालाही हेच शिकवलं होतं," ते म्हणाले. "दोन संध्याकाळचा वर्ग होता, हॉटेलच्या खोलीत. सँडविच होते. गेल्यावर घराचं कौतुक करायचं. मग विचारायचं, कर्ज फिटेल त्या दिवशी काय करणार? ते काय म्हणतात ते लक्षात ठेवायचं, आणि निघताना त्याची आठवण करून द्यायची. गाडी तिथून आली. गाडी त्याच्याच तोंडची होती, मी फक्त परत म्हटली."

"आणि रक्कम कमी येऊ शकते, हे?"

"तेच बसून आठवत होतो. मी सांगितलं, असं मला इतकी वर्षं वाटतंय. पण त्या वर्गात ते कुणी शिकवलंच नव्हतं. मला स्वतःलाच माहीत नव्हतं. जे मला माहीत नव्हतं, ते मी त्याला कसं सांगितलं असेन?"

आमटी उकळली. मी गॅस बंद केला.

"तेव्हा लिही," ते म्हणाले. "त्याला सांग, मी म्हणालो म्हणून. लिही की सांगितलं नव्हतं."

"तुम्हीच सांगा ना काकांना."

"मी सांगितलं तर तो मला समजावत बसेल. तू सांग."

जेवताना ते आणखी एक बोलले. त्यांनी स्वतःही तीच पॉलिसी घेतली होती, दुसऱ्यांना विकायच्या आधी. सासूबाई आजारी पडल्या तेव्हा ती मुदतीआधी मोडली आणि हातात फार काही आलं नाही. मी म्हणाले, "मग तुमचाही हिशेब करू. तुम्हीही मागू शकाल कदाचित."

"कुणाकडे मागू?" ते म्हणाले. "अर्जावर विकणाऱ्याची सही माझी, घेणाऱ्याची सही माझी." आणि ताटात भात कालवू लागले. मी पुन्हा तो विषय काढला नाही.

काकांना मी दुसऱ्या दिवशी फोन केला आणि बाबांचा निरोप जसाच्या तसा सांगितला. ते म्हणाले, "तो खरंच असं म्हणाला, की तू त्याला म्हणायला लावलंस?"

"मी काही लावलं नाही."

"मग पाठव," ते म्हणाले.

तक्रारीच्या फॉर्मवर एक प्रश्न होता: विकणाऱ्याने तुम्हाला काय सांगितलं, ते आठवेल तसं लिहा. काका आमच्याकडे आले नाहीत. मी पुंगोलला गेले, शेवटचा टप्पा एलआरटीच्या छोट्या ट्रेनने, आणि त्यांच्या खिडकीपाशी बसून ते सांगतील तसं लिहून घेतलं. त्यांनी गाडीचं सांगितलं. काकूंनी कुठली गाडी विचारलं, तेही लिहायला लावलं. बाबांचं नाव लिहायची वेळ आली तेव्हा ते म्हणाले, "ते कंपनीकडे असेलच की." मी ती जागा कोरी ठेवली.

कंपनीचं पहिलं उत्तर नकाराचं आलं. रक्कम कमी पडण्याची सूचना तुम्हाला अनेक वर्षांपूर्वी पाठवली होती, तक्रारीची मुदत टळली आहे, असं त्यात होतं. मी उलट लिहिलं, की सूचना ज्या घरी गेली तिथे हे गृहस्थ राहत नव्हते, आणि सिंगापूरच्या वास्तव्याचे पुरावे जोडले. दोन-तीन पत्रं इकडून तिकडे झाली. शेवटी त्यांनी मुदतीचा मुद्दा सोडला आणि तक्रार मान्य केली. सोबत त्यांचा हिशेब होता.

त्यांचा आकडा माझ्या आकड्यापेक्षा बराच कमी होता. मी दोन्ही हिशेब शेजारी ठेवून पाहिले. अंकगणित त्यांचंही बरोबर होतं. फरक एकाच ठिकाणी होता. व्याजाचे दर चढे होते त्या सुरुवातीच्या वर्षांत काकांना ही पॉलिसीची पद्धत महाग पडली होती. पुढे दर उतरले, तेव्हा साध्या कर्जापेक्षा ती दरमहा स्वस्त पडत होती. त्या स्वस्त महिन्यांत काकांचे जे पैसे वाचले, ते कंपनीने भरपाईतून वजा केले होते. नियम तसं करू देत होता, पण ते पैसे अजून त्या माणसाच्या हातात असतील तरच. खर्च होऊन गेले असतील तर वजा करणं योग्य नव्हतं.

मी काकांना विचारलं, "या वर्षांमध्ये महिन्याला थोडे पैसे वाचले असणार. ते कुठे गेले?"

"कुठे गेले म्हणजे?"

"म्हणजे कुठे साठवलेत का?"

"अगं, पोरगा इंटरनॅशनल स्कूलला होता तेव्हा," ते म्हणाले. "वाचतायत हेच मला आज तुझ्याकडून कळतंय."

काकूंनी मागून फीच्या पावत्यांची आठवण करून दिली. त्या त्यांनी ठेवल्या होत्या. मी त्या जोडून पत्र पाठवलं. उत्तराला वेळ लागला, पण कंपनीने ती वजावट जवळजवळ सगळी काढून टाकली. अंतिम आकडा माझ्या आकड्याच्या इतका जवळ आला, की उरलेल्या फरकासाठी आणखी पत्र लिहिणं मला हट्टीपणाचं वाटलं. ते पत्र आलं त्या संध्याकाळी मला जे वाटलं ते कामाचं समाधान होतं, ताळेबंद जुळल्यावर वाटतं तसं. काकांच्या पैशांचा विचार नंतर आला.

पत्राची एक प्रत माझ्याकडे होती. बाबांनी ती मागून घेतली आणि चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. इंग्रजी पत्रव्यवहाराची त्यांना सवय होती. तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं, की आमच्या प्रतिनिधीने धोक्याची पुरेशी कल्पना दिली असल्याचं आमच्या कागदपत्रांवरून दिसत नाही.

"माझं नाव नाही यात," ते म्हणाले.

"नाही. अशा पत्रांत देत नाहीत."

"प्रतिनिधी," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "वर्षं किती झाली तरी कंपनीच देते? माणसाकडून वसूल नाही करत?"

"नाही बाबा."

मला वाटलं होतं त्यांना हलकं वाटेल. तसं काही दिसलं नाही. पत्र परत देऊन ते खाली फिरायला गेले.

पैसे आले. काकांनी स्वतःचे थोडे घालून कर्ज फेडलं आणि मग ते घरही विकून टाकलं. इतक्या लांबून भाडेकरू सांभाळण्यात आता अर्थ नाही म्हणाले. काकूंनी मला एक पैठणी दिली. मी नको म्हणत असताना त्यांनी ती माझ्या मांडीवर ठेवली. बाबांसाठी काकांनी एक पाकीट दिलं होतं. आत काय होतं हे मी पाहिलं नाही, पण अंदाज आला. बाबांनी ते न उघडता माझ्याकडे परत दिलं आणि मी ते पुंगोलला परत नेलं. या गोष्टीवरून एकानेही दुसऱ्याला फोन केला नाही.

बरेच महिने मंगळवार तसेच गेले. काकू मला म्हणत, "भावजींना सांग, त्यांचं काही चुकलं नाही असं आम्हाला वाटतं." मी बाबांना सांगायची. ते म्हणत, "ठीक आहे." त्यांच्या आणि काकांच्या मध्ये निरोप्या होणं मला हळूहळू कंटाळवाणं होऊ लागलं होतं, आणि एकदा मी काकूंना तसं म्हणालेही.

मग काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. मुलगा कामासाठी परदेशी गेलेला, काकूंचा गुडघा धरलेला. काकूंनी बाबांना फोन केला. यावेळी मला नाही. बाबा सकाळी लवकर उठले, आंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घातला आणि पुंगोलला गेले. संध्याकाळी परत आले तेव्हा थकलेले होते. मी विचारलं, कसं झालं.

"झालं व्यवस्थित," ते म्हणाले. "डोळ्यावर पट्टी आहे. रस्ता ओलांडताना माझा दंड धरला, आणि घरी पोचेपर्यंत सोडला नाही. सारखा बोलत होता."

"कशाबद्दल?"

"हॉस्पिटलच्या बिलाबद्दल," बाबा म्हणाले. "त्याला वाटतंय त्यांनी जास्त लावलंय. मी म्हटलं, सुनेला विचार. तर म्हणाला, नको, ती पत्रं लिहीत बसेल."

मी हसले. ते हसले नाहीत, पण खुर्चीत बसून सावकाश बूट काढता काढता त्यांनी मला विचारलं, की मंगळवारी टेक्काहून काय भाजी आणायची आहे.